निजलेले बी

बिरडे करावयाचे म्हणजे आमच्या घरी तीन दिवसांचे काम असे. पहिल्या रात्री वाल भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, आणि तिसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून घरातल्या सर्वांनी भोवती बसून सोलायचे. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील वाचकांना हे सांगावयास नको. (जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, पण आमच्या पिढीच्या तोंडी कुलाबाच राहिला.) नारळाच्या रसातले वालाचे बिरडे ज्याने खाल्ले आहे, त्याच्या बोटांना ते सोलण्याची आठवणही असतेच.

सोलताना एखादा दाणा खड्यासारखा टणक हाताला लागे. रात्रभर पाण्यात राहूनही तो फुगलेला नसे. त्याला आम्ही गणंग म्हणत असू. तो डाळीत राहिला तर दाताखाली यायचा, म्हणून वेचून टाकावा लागे. लहानपणी एकदा मी म्हटले, "आई, हा मेलाय." आई म्हणाली, "मेला नाही गं, निजलाय. त्याला पाणी लागलंच नाही." आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला साठी ओलांडल्यावर कळले. ते कसे कळले, तेच आज सांगणार आहे.

मी व्यवसायाने परिचारिका. शाळा अलिबागला, पुढचे प्रशिक्षण मुंबईत, आणि १९८४ साली नोकरीसाठी कुवेतला आले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आले, तेव्हा इतर हजारो हिंदी लोकांबरोबर अम्मानमार्गे विमानाने मुंबईस परतले. दोन वर्षांनी पुन्हा आले, आणि २०१९ च्या अखेरीस निवृत्त झाले. यजमानांची नोकरी चालू असल्याने आमचे बिऱ्हाड अजून जलीब अल शुयूख येथेच आहे. जलीब म्हणजे विहीर, शेखांची विहीर. आता तेथे विहीर कोठे दिसत नाही. विमानतळाच्या शेजारी दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारती आणि त्यांत खोलीखोलीतून राहणारे हिंदी, बंगाली, मिसरी कामकरी, असा हा भाग आहे. आपले लोक त्यातल्या एका भागाला अब्बासिया म्हणतात. बाजारात केळीची पाने मिळतात, कढीपत्ता मिळतो, पण आपले कडवे वाल मिळतील तर शपथ.

माझी आई नोव्हेंबर २०१९ मध्ये वारली. दिवसकार्य झाल्यावर तिची खोली आवरताना माळ्यावर एक मडके सापडले. वर राख, खाली वाल. पेरणीचे बी ती नेहमी असेच राखेत ठेवी. भातकापणी झाली की शेतातल्या उरलेल्या ओलीवर ते पेरायचे, आणि फाल्गुनात नवे वाल घरी यायचे, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. भावाने शेत दोन वर्षांपूर्वीच विकले होते. तेथे आता कोणाचा तरी बंगला आहे. आईला ते ठाऊक होते, तरी शेवटच्या वर्षी तिने परसात चार ओळी लावून बी धरले होते. मडक्यातले ते वाल मी पोतळीत बांधून जलीबला घेऊन आले. त्यांचे पुढे काय करायचे, याचा काही विचार केला नव्हता.

पुढे साथ आली. ६ एप्रिल २०२० पासून जलीब आणि महबूला हे दोन भाग सरकारने चारी बाजूंनी बंद केले. तीन महिन्यांहून अधिक काळ आम्ही आत होतो. वाणसामान मिळायचे, पण रांगा लावून आणि मिळेल ते. मे महिन्यात एके दिवशी यजमान म्हणाले, "काहीतरी आपलं कर ना." मी पोतळी सोडली आणि वाल भिजत घातले. मोड उत्तम आले, गणंग अगदी थोडे निघाले. आम्ही दोघांनी डोळ्यांत पाणी आणून बिरडे खाल्ले. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा केले.

दुसऱ्यांदा सोलत बसले असताना माझा हात थांबला. आईने राखेत घातले होते ते खाण्याचे वाल नव्हतेच, ते बी होते. शेत गेले, आई गेली, आणि तिने वर्षानुवर्षे धरून ठेवलेले वाण मी जलीबच्या स्वयंपाकघरात सोलत बसले होते. पोतळी झटकली. त्यातून एकोणीस दाणे निघाले.

ते एका बाटलीत घालून मी चुलीवरच्या फळीवर ठेवले आणि घरात इतकी धांदल होती की विसरले. कुवेतचा उन्हाळा कसा असतो हे वेगळे सांगायला नको. याच देशात मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले आहे. आमच्या स्वयंपाकघराला वातानुकूलन नाही. ऑगस्टअखेर बाटली हाती लागली तेव्हा काच हाताला चटका देत होती. दाणे दिसायला जसेच्या तसे होते. पण आत जीव होता की नव्हता?

हा प्रश्न मला नवा नव्हता. चाळीस वर्षे रात्रपाळीत मी तोच विचारीत आले होते. रात्री तीन वाजता वॉर्डात फेरी मारायची असते. दिवा लावायचा नाही, कारण झोप हेही औषध आहे. मग टॉर्चवर रुमाल गुंडाळायचा, उजेड चेहऱ्यावर न टाकता छातीवर टाकायचा आणि पाहायचे. न उठवता पाहायचे, ही या कामातली पहिली शिकवण.

आणि यातली चूकही मी केलेली आहे. १९८१ साली, प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षी, मुंबईच्या एका इस्पितळात माझी रात्रपाळी होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक वयस्क गिरणी कामगार होते. तीनच्या फेरीला मी टॉर्च टाकला, चादर हलताना दिसली, पुढे गेले. पाच वाजता ताप पाहण्यासाठी हात धरला तो थंड होता. चादर हलत होती ती वरच्या पंख्याने. डॉक्टर म्हणाले, तू जागे केले असतेस तरी काही होण्यासारखे नव्हते. कदाचित तसेही असेल. पण रात्रीच्या अहवालाच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी 'झोप शांत' असे लिहून ठेवले होते, आणि ती शाई माझ्या हातची होती. त्यानंतर मी चादरीवर कधी विसंबले नाही. गळ्याच्या खळगीवर उजेड धरून श्वास मोजायचे, आणि शंका आली तर हाताची मागची बाजू नाकाशी नेऊन वारा लागतो का पाहायचे.

असो. त्या एकोणीस दाण्यांविषयी मी पुण्याला शेतकी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, सोपं आहे. शंभर दाणे घे, ओल्या गोणपाटात गुंडाळ, आठ दिवसांनी मोज." मी म्हटले, "बाई, माझ्याकडे एकोणीसच आहेत."

येथेच सगळी अडचण आहे. पोत्याने बी असते तेव्हा शंभर दाणे बाकीच्यांच्या वतीने साक्ष देतात. आपल्या देशात प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान मर्यादा ठरलेली आहे: भाताला शंभरात ८०, गव्हाला ८५, सोयाबीनला ७०. ही चाचणी किती महत्त्वाची आहे हे त्याच २०२० सालच्या खरिपात महाराष्ट्राने पाहिले. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पेरले आणि उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी आल्या. आदल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस झाला होता आणि बी भिजले होते, हे त्याचे एक मोठे कारण. सोयाबीनचे साल पातळ, बी नाजूक. बाहेरून धड दिसणारा दाणा आतून गेलेला असतो. कृषी खाते घरोघर सांगत होते, पेरण्याआधी गोणपाटात पाहा.

पण गोणपाटात पाहिलेला दाणा परत पोत्यात घालता येत नाही. एकदा जागे केलेले बी पुन्हा निजवता येत नाही. जागे झाल्यावर त्याला लगेच माती, पाणी आणि योग्य हवा लागते, नाहीतर ते मरते. ऑगस्टच्या जलीबमध्ये मी ती कोठून आणणार?

दुसरी एक चाचणी आहे, टेट्राझोलियमची. जर्मनीतील गेओर्ग लाकोन यांनी ती १९४० च्या दशकात बसवली. भिजवलेले बी कापून या क्षाराच्या पाण्यात ठेवतात. जिवंत पेशी श्वसन करतात, त्यामुळे तो रंगहीन क्षार त्यांच्यात लाल होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. एका दिवसात उत्तर मिळते. परंतु उत्तर मिळेपर्यंत दाण्याचे दोन तुकडे झालेले असतात. मला हे शवविच्छेदनासारखे वाटले. कारण अचूक कळते, पण रोग्याला त्याचा उपयोग नाही.

"न कापता, न भिजवता कळणार नाही का गं?" मी विचारले. भाची म्हणाली, "कळतं, प्रकाशावरून." आणि तिने पुढचे आठ-दहा दिवस मला रोज थोडे थोडे समजावले. मला जे समजले ते असे.

जिवंत पेशीतून अतिशय मंद प्रकाश सतत बाहेर पडत असतो. काजव्याचा तो नव्हे. त्याच्या मानाने हा इतका क्षीण की मिट्ट काळोखातही डोळ्यांना दिसत नाही. १९२३ साली रशियातील अलेक्झांडर गुरविच यांनी कांद्याच्या मुळांवर प्रयोग करून, एका मुळापासून दुसऱ्या मुळाला काही किरण पोहोचतात असे म्हटले. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि अनेकांना तो प्रयोग साधला नाही. पुढे प्रकाशाचा एकेक कण मोजणाऱ्या नळ्या निघाल्या, आणि १९५४ साली इटलीतील कोल्ली आणि फाक्किनी यांनी मोड येणाऱ्या बियांतून बाहेर पडणारा क्षीण प्रकाश त्या नळीने मोजून दाखवला. पेशीत प्राणवायूच्या संयोगाने जी ज्वलने चालतात, त्यांतून हा उजेड सांडतो.

दुसरा प्रकार असा की बियांवर क्षणभर तेज झोत टाकायचा, मग तो बंद करून काळोखात मागे किती उजेड रेंगाळतो ते मोजायचे. हिरव्या वनस्पतींत असा मागे उरणारा प्रकाश १९५१ साली अमेरिकेत स्ट्रेलर आणि अर्नोल्ड यांना सापडला. कोरड्या बियांच्या अशा प्रकाशावर मॉस्कोच्या विद्यापीठात बरेच काम झाले आहे.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष व्यवहारात आला आहे. बी पिकत जाते तसा त्याच्यातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, कमी होत जातो. डोळ्यांना हिरवेपणा दिसेनासा झाला तरी लेश उरतो. त्यावर लाल प्रकाश टाकला की हरितद्रव्य त्याहून गडद लाल प्रकाश परत देते. हा परतलेला प्रकाश जास्त, तर बी कच्चे. कमी, तर पूर्ण पिकलेले. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे हेंक यालिंक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली कोबीच्या बियांवर हे दाखवून दिले. एकेक दाणा न दुखवता पाहायचा, कच्चे बाजूला काढायचे आणि चांगले पेरायचे. यंत्रासमोरून गेलेल्या दाण्याला आपली तपासणी झाली याचा पत्ताही नसतो.

हे ऐकून मी फार हरखले. कारण असे यंत्र माझ्या घरातच होते, फक्त ते माणसांसाठी होते. बोटाला लावायचा तो प्राणवायू मोजणारा चिमटा. तोही लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पार करतो आणि रक्त न काढता आतली बातमी सांगतो. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. ते गृहस्थ १८ एप्रिल २०२० रोजी वारले. तेव्हा जलीब बंद होऊन बारा दिवस झाले होते, आणि आमच्या जिन्यात रोज संध्याकाळी पाच-सात माणसे अंतर ठेवून माझ्या चिमट्यासाठी उभी राहत होती. त्यांत केरळचे होते, आंध्रचे होते, बांगलादेशचे होते. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की मी त्यांना इस्पितळात जा म्हणून सांगत असे.

पण चिमटाही फसतो हे मला ठाऊक होते. नखाला रंग असला, बोट गारठलेले असले, तर तो भलताच आकडा दाखवतो. म्हणून मी भाचीला विचारले, "तुमचा प्रकाश कुठे फसतो ते सांग." ती जरा थांबून म्हणाली, "मावशी, प्रकाश जास्त म्हणजे जीव जास्त, असं नसतं. दुखावलेल्या, झिजत चाललेल्या पेशीतूनही जास्त उजेड निघतो." मला ते लगेच पटले. ताप आलेल्या माणसाचे अंग अधिक गरम लागते, म्हणून तो अधिक जिवंत नव्हे. हरितद्रव्याचा प्रकाश तर बी किती पिकले आहे ते सांगतो. पिकलेले बी पुढे माझ्यासारखीने चुलीवरच्या फळीवर भाजून काढले, तर त्याची बातमी त्यात कशी असणार? प्रकाश खोटे बोलत नाही. पण तो चादर दाखवतो की श्वास, हे पाहणाऱ्यालाच ओळखावे लागते. ज्या जातीचे बी, त्या जातीचे शेकडो दाणे आधी प्रकाशात पाहून मग पेरून ताळा घेतला असेल, तरच त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणजे न दुखवणाऱ्या चाचणीच्या मागेही, आधी साक्ष देऊन गेलेले पुष्कळ दाणे असतातच.

तेव्हा माझ्या मनात आले की आम्ही खाल्लेले वालही साक्षीदारच होते. मे महिन्यात त्यांना मोड उत्तम आले होते, म्हणजे तेव्हा बी चांगले होते. पण ती साक्ष मे महिन्याची. बियांच्या आयुष्याविषयी हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे: बियातला ओलावा एका टक्क्याने, किंवा साठवणीची उष्णता पाच-साडेपाच अंशांनी कमी केली, की आयुष्य दुप्पट होते. उलट केले की निम्मे. चुलीवरच्या त्या फळीने किती वर्षे खाल्ली असतील, याचा हिशेब मनात करून मी बाटली शीतकपाटात ठेवली.

कुवेतच्या वाळवंटातही हीच अडचण आहे. येथले राष्ट्रीय फूल अरफज, पिवळ्या फुलांचे झुडूप. १९९०-९१ च्या युद्धात रणगाडे आणि तेलाच्या आगी यांनी वाळवंटाची फार हानी झाली. तेथे अरफज पुन्हा लावावे यासाठी येथील वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याच्या बियांच्या उगवणीचा अभ्यास केला आहे. त्याचे बी सुकलेल्या फुलाच्या बोंडातच अडकून राहते आणि सहजी उगवत नाही. रानातून वेचून आणलेले मूठभर बी असते, तेव्हा शंभर दाणे कापून पाहणे कोणालाच परवडत नाही.

माझ्याकडे प्रकाशाचे यंत्र नव्हते आणि ते येण्याचा संभवही नव्हता. मग मी परिचारिकेला जे येते तेच केले. हवा पालटेपर्यंत थांबले. ऑक्टोबरच्या मध्याला सज्जात रंगाचे रिकामे डबे मांडले, आणि एकोणीसपैकी दहा दाणे पेरले. नऊ ठेवून दिले. आठ दिवसांत सहा वर आले. पंधराव्या दिवशी मी उरलेले चार उकरले. दोन कुजले होते, बोटाला चिकट लागले. उरलेले दोन बाटलीतून आताच काढल्यासारखे कोरडे आणि टणक होते.

गणंग! मला आईची आठवण झाली. भाचीने सांगितले की अशा बियांचे साल इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. बी जिवंत असते, पण चाचणीत ते न उगवलेल्यांत मोजले जाण्याची भीती असते. म्हणून जाणते तपासनीस 'मेलेले' आणि 'टणक' असे दोन वेगळे रकाने ठेवतात. मी नखे घासण्याची कानस घेतली, दाण्याच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूचे साल अगदी हलकेच घासले आणि दोन्ही पाण्यात टाकले. सकाळी ते टरटरून फुगले होते. चौथ्या दिवशी दोन्हींना मोड आले.

एक रोप धुळीच्या वादळात गेले. सात जगली, थंडीत फुलली, आणि फेब्रुवारीअखेर मला दोन मुठी वाल मिळाले. तेव्हापासून दर ऑक्टोबरला त्यातले थोडे पेरते आणि बी पुढे नेते. बिरडे अजून केलेले नाही. यजमान दर वर्षी विचारतात, मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आईचे, सासूचे असे काही बी डब्याच्या तळाशी पडले असेल, तर एवढेच सांगणे. ते चुलीजवळ ठेवू नका. चांगले सुकवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत, शीतकपाटात ठेवा. वर साल लिहा. सगळे एकदम जागे करू नका, आणि जे उठले नाही त्याला लगेच मेलेले म्हणू नका. पण जिवंत आहे असेही पाहिल्याखेरीज लिहू नका.

ठेवलेले ते नऊ दाणे अजून माझ्यापाशी आहेत. आईच्या हातचे तेवढेच उरले. बाटलीवर चिठ्ठी लावताना माझ्या हातून पहिल्याने 'बी उत्तम' असे लिहिले गेले होते. ते मी खोडले आणि दुसरी चिठ्ठी लावली: 'वाल, २०१९ चे पीक, नऊ दाणे, तपासलेले नाहीत.'